खिडकीचा स्पंज

पाऊस गेला म्हणावं तर संध्याकाळी ढग येतात, आणि आहे म्हणावं तर दुपारी छत्री उन्हासाठी उघडावी लागते. दिवाळीच्या आधीचे हे दिवस मला कधीच आवडले नाहीत. जमिनीत पावसाळ्याचा ओलावा मुरलेला असतो, त्यावर कडक ऊन पडतं आणि अख्खं कोल्हापूर झाकण ठेवलेल्या पातेल्यात शिजत ठेवल्यासारखं होतं. गॅलरीतल्या कपड्यांना वाळल्यावरही दमट वास राहतो. रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लागतात. आणि नेमक्या याच दिवसांत परवा माझ्या मुलीनं, मैत्रेयीनं, मोबाइल माझ्या नाकासमोर धरून विचारलं, "आई, ही कॅबिनेट कशी आहे?"

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा डबा. सगळं जग ज्याला सीपीयू म्हणतं ते उभं खोकं. फोटोतल्या खोक्याची एक अख्खी बाजू काचेची होती आणि आत जांभळे-हिरवे दिवे गरबा खेळत होते. "मिड टॉवर आहे. फार मोठी नाही, फार लहान नाही. सगळे चांगली म्हणतायत," ती म्हणाली. मी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि विचारलं, "हवा कुठनं आत घेते?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. आई म्हणणार, छान आहे, घे, रंग जरा भडक आहे. एवढीच तिची अपेक्षा होती.

"समोर तर सगळी काच दिसतेय," मी म्हटलं. "श्वास घेणार कुठनं ती? आणि धूळ अडवायला काय आहे?"

"आई, तुला हे कुठनं माहीत?"

शाळेच्या ऑफिसात दाखले टाइप करणाऱ्या बाईला कॅबिनेटमधलं काय कळणार, हा तिचा प्रश्न रास्तच होता. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या खोलीचं दार हल्ली लावलेलंच असतं. आत एसी, पडदे ओढलेले, कानात हेडफोन. डिझाइनचं शिकते, काम खूप असतं, खरं आहे. जेवायला तीनदा हाक मारावी लागते, हेही खरं आहे. मी गॅलरीत बसून राहिले. खालून कुणाच्या तरी घरातून ओल्या झेंडूचा वास येत होता, आणि त्या वासाबरोबर मला जळक्या वाळूचा वास आला.

नवं शतक लागून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कॉम्प्युटर ऑपरेटर होते. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. साचे काळ्या वाळूचे, आणि त्या वाळूत कोळशाची भुकटी. तिथली धूळ आपल्या घरातल्या धुळीसारखी नसते. ती काळी, जड आणि तेलकट असते, नाकात जाते, नखांत बसते, रुमालावर उतरते, आणि रविवारी डोकं धुतलं तरी सोमवारी सकाळी उशीवर सापडते.

कारखान्याचे मालक आप्पा. सगळेच त्यांना आप्पा म्हणायचे. शेतकऱ्याघरचा माणूस, आवाज असा की भट्टी चालू असतानाही शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. त्यांनी आधी कॉम्प्युटर घेतला. मग कुणीतरी सांगितलं की त्याला धूळ चालत नाही, म्हणून शेडच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली. केबिन झाली म्हणून मग आत बसायला माणूस हवं झालं, आणि मी आले. हा क्रम मी कधी विसरले नाही, कारण कुणी मला विसरू दिला नाही. चप्पल बाहेर. डबा बाहेर. मी सोडून कुणी आत यायचं नाही. टेबलफॅन होता, पण त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. मी एकदा हळूच माझ्याकडे फिरवला, तर आप्पा काचेबाहेरून बोटानं गोल करून दाखवायला लागले, की तिकडं, तिकडं फिरव.

काचेतून मला सगळी शेड दिसायची. वितळलेलं लोखंड ओतताना माणसांचे चेहरे केशरी व्हायचे. कुणी हसायचं, कुणी शिवी द्यायचं, तोंडं हलायची, पण शब्द ऐकू यायचे नाहीत. मी सगळ्यांना दिसत होते आणि माझा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. पहिल्या महिन्यात मला ते सुखाचं वाटलं. पुढे पुढे दुपारच्या वेळी छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं व्हायला लागलं. उठून उभी राहायचे, परत बसायचे. जायचं कुठे?

हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. घरी हातकणंगल्यात आई शेजारणींना सांगायची, "आमची रेखा काचंच्या केबिनमधी बसती." आण्णा, माझे वडील, रेल्वेत पॉइंट्समन. त्यांनी नोकरीला होकार देण्याआधी स्वतः येऊन केबिन बघितली होती. दार ओढून बघितलं, काचेवर टकटक केलं आणि आप्पांना एकच विचारलं, "आत कोण येत न्हाई न्हवं?" आप्पा म्हणाले, "वारासुदिक येत न्हाई, पावणं!" दोघंही समाधानानं हसले. मला न्यायला-सोडायला कारखान्याची गाडी होती. गाडीतून उतरायचं ते केबिनमध्ये, केबिनमधून निघायचं ते गाडीत. आमच्या घरातली मी पहिलीच मुलगी नोकरीला निघालेली. वडिलांना माझी काळजी होती, आणि काळजीशी भांडायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पण आप्पा म्हणाले ते पूर्ण खरं नव्हतं. वारा येत होता. माझ्या खुर्चीच्या मागे एक खिडकी होती.

साधी दोन दारांची, लोखंडी गजांची खिडकी. मागच्या आवाराकडे उघडणारी. बाहेर वापरलेल्या वाळूचा ढीग, पाण्याचा नळ, कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे कुणाचा तरी ऊस आणि उसाच्या वर हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांची नुसती डोकी. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि मी ते रोज बघायचे. ट्रक रत्नागिरीकडे जाणार की बेळगावकडे, हे ओळखता येत नसतानाही ओळखायचे.

त्या खिडकीखालीच कोअर शॉपच्या बायका जेवायला बसायच्या. साच्याच्या आतला पोकळ भाग राखायला वाळूचे गोळे करतात, ते कोअर. ते काम बायकांकडे होतं. त्यातली सुमन माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, दोन पोरांची आई. ती भाकरी हातात घेऊन खिडकीला पाठ लावून उभी राहायची आणि मागे न बघता बोलायची. नवरा काय म्हणाला, पोरगी गणितात कशी नापास झाली, कुठल्या दुकानात साड्यांचा सेल लागलाय. मध्येच गजांतून हात आत घालून माझ्या हातावर मिरचीचा खर्डा ठेवायची. नियमाप्रमाणे डबा आत आणायचा नव्हता. खर्ड्याबद्दल नियमात काही नव्हतं.

एकदा मी तिला म्हटलं, "सुमनताई, मला इथं कोंडल्यासारखं होतंय."

ती पहिल्यांदाच मागे वळली. तोंडावर काळी धूळ, भुवयांवर वाळू. "बदली करतीस?" ती म्हणाली. "तू ये कोअर शॉपला, मी बसतो आत."

तिच्या धुळीपुढे माझी काच म्हणजे चैन होती, हे मला कळत होतं. तरी दुपारी छातीवरचं ओझं काही हलत नव्हतं.

गणपती झाले आणि तो कॉम्प्युटर गेला. बिलं छापता छापता स्क्रीन काळी झाली, आतून जळका वास आला. गावातून इंजिनिअर आला, त्यानं डबा उघडला आणि "आई गं" म्हणून मागे सरकला. आत सगळीकडे काळी साय धरली होती. पंखा काळा, बोर्ड काळा, वायरी काळ्या. त्या भुकटीत लोखंडाचा कीस असतो, त्यातून वीज पळते, आणि बोर्डावर तिनं नको तिथं वाट काढली होती. आप्पांनी बोट फिरवलं, बोट बघितलं, मग केबिनमध्ये चौफेर बघितलं. त्यांची नजर खिडकीवर थांबली तेव्हाच मला कळलं.

"ह्या खिडकीनं घात केला बघ," ते म्हणाले. "उद्या गवंडी बोलावतो. बुजवूनच टाकतो ही."

"आप्पा, नगा की!" माझा आवाज एवढा मोठा आला की इंजिनिअरही दचकला. मालकाशी मी तोपर्यंत मान वर करून बोलले नव्हते. "खिडकीचा दोष न्हाई. डबाच चुकीचा हाय. सगळ्या फटींतनं हवा ओढतोय, हवेसंगं धूळ येती. नीट कॅबिनेट आणली तर खिडकी उघडी राहिली तरी चालतंय. मी बघून आणते."

"तू?"

"मी कोर्स केलाय हार्डवेअरचा."

कोर्स केला होता हे खरं. कॅबिनेट निवडायची वेळ आयुष्यात कधी आली नव्हती हेही खरं. आप्पांनी क्षणभर विचार केला. "दिवाळीपतूर बघू," ते म्हणाले. "तवर नवी मशीन काळी न झाली तर ऱ्हाऊ दे तुझी खिडकी. झाली, तर विटा तयारच हायत." आणि विटा खरोखरच आणून खिडकीखाली रचून ठेवल्या. सुमन त्यांच्यावर बसून जेवायला लागली.

रविवारी मी कोल्हापुरात कॅबिनेट बघायला गेले. एकटीनं कसं जायचं, म्हणून आण्णा बरोबर. शाहूपुरीतलं दुकान, जमिनीपासून छतापर्यंत खोकी रचलेली. दुकानदार मोठा बोलका. त्याला वाटलं रंगावर निर्णय होईल. तेव्हा मळकट पांढऱ्या कॅबिनेटची फॅशन जाऊन काळ्या आल्या होत्या, पुढे निळा दिवा. त्यानं दिवा लावून दाखवला. मी म्हटलं, उघडून दाखवा.

"ओ मॅडम, डबा हाय त्यो," तो म्हणाला. "आत काय घालायचं ते बघा की. डब्यात काय बघताय?"

"डबाच बघायला आलेय मी."

मग तासभर मी डबेच बघितले. अंगठ्यानं पत्रा दाबून बघितला. पातळ पत्रा आत जातो आणि टक् करून परत येतो, तसला पंखा लागला की दिवसभर थरथरतो. कडेवरून बोट फिरवलं, एका कॅबिनेटनं बोट कापलं, ती बाजूला ठेवली. बाजूचं दार सरकवून लावलं, काढलं, परत लावलं. नीट न बसणारं दार म्हणजे लांबलचक फट. मागच्या बाजूच्या पट्ट्या नुसत्या चिकटवल्यात की स्क्रूनं बसवल्यात ते बघितलं. खोकं उजेडाकडे धरून आत डोळा लावला, कुठून कुठून प्रकाश येतो ते मोजायला. माठ घ्यायला आलेली बाई जशी दहा माठ वाजवून बघते आणि कुंभार वैतागतो, तसं चाललं होतं. दुकानदारानं शेवटी स्टूल ओढून घेतलं आणि चहा मागवला.

आण्णांनी आपल्या परीनं एक निवडली होती. जुन्या पद्धतीची, पुढे कुलूप असलेली. चावी फिरवल्याशिवाय कॉम्प्युटर चालू व्हायचा नाही. त्यांनी चावी दोनदा फिरवून बघितली. "ही घे," ते म्हणाले. "भक्कम हाय. कुणी हात लावायचं काम न्हाई."

"त्यात हवा येत नाही, आण्णा."

"कुलूप हाय की पण."

"तेच म्हणतेय मी. हवा येत नाही."

चावी त्यांनी परत दुकानदाराच्या हातात दिली. आम्ही दोघं खोक्याबद्दलच बोलत होतो. पण परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली, एरवी ते स्वतः बसायचे.

मी घेतली ती मिड टॉवर होती. दिसायला ओबडधोबड, निळा दिवा नाही. पण तिचं पुढचं तोंड निघायचं आणि त्याच्या मागे काळ्या स्पंजचा एक चौकोन होता. त्या स्पंजमागे मी आत हवा ढकलणारा जास्तीचा पंखा बसवला, आणि बाकीच्या फटी जमतील तेवढ्या बुजवल्या. कोर्समध्ये शिकवलेलं एकच वाक्य मला धड आठवत होतं. बाहेर जाते त्यापेक्षा जास्त हवा आत घ्या, आणि घ्या ती गाळून. मग उरलेल्या फटींतून हवा बाहेरच येत राहते, धुळीला आत शिरायला वाव मिळत नाही. जोडलेली मशीन चालू केली तेव्हा मी मागच्या एका फटीपाशी घामानं ओला झालेला गाल नेला. बारीक गार झुळूक बाहेर येत होती. त्या केबिनमध्ये मला कुणीतरी वारा घातला असं पहिल्यांदाच झालं.

मग घट बसले. कोअर शॉपमधल्या निम्म्या बायका नवरात्रात अनवाणी राहायच्या, देवीसाठी. फौंड्रीत अनवाणी! जमिनीवर लोखंडाचा तापलेला कीस, आणि या बायका पाय उचलून उचलून चालायच्या. आप्पा ओरडून थकायचे. सुमनही अनवाणी. उपवासाची रताळी खात ती खिडकीशी उभी राहिली आणि गजांतून आत वाकून माझ्या पायांकडे बघितलं. मीही अनवाणी, नियमाप्रमाणे.

"रेखे, आमचं नऊ दिस," ती म्हणाली. "तुझं आपलं बारमाही नवरात्र हाय बघ."

आम्ही दोघी इतक्या हसलो की काचेबाहेरून मुकादम बघायला लागला. आमच्या घरात आजोबांपासून ना घट ना उपवास. दसऱ्याला आण्णा पांढरा सदरा घालून विहारात वंदनेला जातात, तोच आमचा सण. आणि बारमाही नवरात्र करणारी मी!

रोज सकाळी मी पुढचं तोंड काढून स्पंज बघायचे. तो काळाच, त्यामुळे किती धूळ बसली ते कळायचं नाही. डबा उघडायची भीती वाटायची. आत काळं दिसलं तर? खिडकीखालच्या विटा तशाच होत्या. ऊन वाढत चाललं होतं, भिंतीपलीकडचा ऊस हलत नव्हता. मी बिलं टाइप करायचे आणि पाठीवर खिडकी आहे हे मला सारखं जाणवत राहायचं.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा. भट्टी बंद, सगळी मशिनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा, नारळ. त्या दिवशी केबिनचे नियमही बंद. सगळे आत आले, आप्पा, त्यांच्या पत्नी आक्का, मुकादम, दाराशी सुमन आणि इतर बायका. आप्पांच्या हुकमावरून कॉम्प्युटर मात्र चालू ठेवलेला. "बंद मशिनीची कसली पूजा? डोळा उघडा पायजे तिचा."

त्यांनी तबक माझ्यापुढे धरलं. "तुझं हत्यार हाय. तू कर."

"आप्पा, आमच्यात नसतंय," मी म्हटलं.

मला वाटलं, आता काय होतंय. आप्पांनी तबक क्षणभर तसंच धरलं, मग मान हलवली. "बरं. मग आक्का करत्यात. तू हुबी ऱ्हा हितं, तुझ्याबिगार चालायची न्हाई ती." आणि मी तिथंच उभी राहिले, माझ्या मशीनशेजारी.

आक्का मोठ्या मनाची बाई. लेथला, ग्राइंडरला, क्रेनला जशी वाहिली तशीच मूठभर हळद आणि मूठभर कुंकू त्यांनी कॅबिनेटच्या तोंडावर उधळलं. आत पंखा चालू. माझ्या डोळ्यांदेखत ती पिवळी-लाल भुकटी जाळीकडे ओढली गेली आणि दिसेनाशी झाली. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. आप्पांचा चेहरा पडला. मला देवाचं काही वाटलं नाही, मशीनचंही नाही, मला फक्त विटा दिसल्या.

मी मशीन बंद केली. सगळ्यांसमोर पुढचं तोंड काढलं. स्पंजच्या मधोमध हळदीकुंकवाचा जाड थर बसला होता, भोवती काळ्या भुकटीची कड. स्पंज काढला. त्यामागचा पंखा स्वच्छ. मग बाजूचं दार सरकवलं, जे उघडायला मी इतके दिवस भीत होते. आत बोर्ड हिरवागार, दुकानातून आणला तसा. आप्पांनी आत बोट घातलं, तळाशी, कोपऱ्यात, पंख्याच्या पात्यावर फिरवलं आणि उजेडात धरून बघितलं.

"ऱ्हायली गं," ते म्हणाले. "ऱ्हायली खिडकी तुझी."

दाराशी सुमननं चक्क टाळ्या वाजवल्या. मी रडले. इतक्या माणसांसमोर रडायची लाज वाटली, पण रडले. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. आण्णांबरोबर विहारात गेले तेव्हाही माझ्या डोक्यात खिडकीच होती.

आप्पांच्या मनावर मात्र त्या स्पंजनं गारूड केलं. येईल त्या पाहुण्याला ते पुढचं तोंड काढून दाखवायचे. "बघा, हवा आत, धूळ भाईर. आमच्या पोरीनं शोधलंय." मला फार बरं वाटायचं. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मी केबिनमध्ये शिरले आणि दिवे न लावताच परत बाहेर आले. वाटलं, चुकून दुसरीकडे आले. आत अंधार होता.

खिडकी होती. विटा नव्हत्या. गजांवर लाकडी चौकट बसवलेली आणि तिच्यात काळा स्पंज, इकडून तिकडे, वरपासून खालपर्यंत. साच्यांचे लाकडी नमुने करणाऱ्या पॅटर्न शॉपच्या सुताराकडून आप्पांनी मुद्दाम करून घेतली होती. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले, एखाद्यानं भेट द्यावी आणि ती उघडायची वाट बघावी तसे.

"तुझ्या कॅबिनेटसारखीच केली," ते म्हणाले. "हवा येती न्हवं?"

मी हात लावून बघितला. येत होती, थोडीशी. "येती," मी म्हटलं.

"धूळ येत न्हाई न्हवं?"

"न्हाई येत."

"मग!"

त्यांचं काय चुकलं होतं? त्यांनी शब्द पाळला होता. खिडकी बुजवली नव्हती. माझंच म्हणणं त्यांनी माझ्यावर लावून दाखवलं होतं, आणि तेही मायेनं. मी "छान झालंय" म्हटलं आणि दिवा लावून बसले. दुपारी सुमनचा आवाज आला तो गोधडीतून बोलल्यासारखा. "रेखे, हायस का आत?" मी म्हटलं, "हाय." तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ऊस नाही, ट्रक नाही, खर्डा नाही. त्या दिवसांइतकी कोंडलेली मी आधी नव्हते आणि नंतरही नाही. विटा असत्या तर निदान राग तरी आला असता.

पण स्पंज म्हटला की तो धुवावा लागतो. हे आप्पांनाही मान्य होतं, कारण कॅबिनेटचा मी दर शनिवारी धुतेच हे त्यांनी पाहिलं होतं. मग शनिवारी मी चौकट काढायचे, मागच्या नळावर न्यायचे, काळं पाणी जाऊन पांढरं येईपर्यंत दाबून दाबून धुवायचे आणि भिंतीला टेकवून उन्हात ठेवायचे. ती वाळेपर्यंत खिडकी मोकळी. ऊस दिसायचा, ट्रक दिसायचे, सुमन गजांना पाठ लावून उभी राहायची. त्या उन्हात स्पंज वाळायला कितीसा वेळ लागणार? सुमननं ते पहिल्याच शनिवारी ओळखलं. जेवण झालं की ती चूळ भरायची आणि तांब्यात उरलेलं पाणी जाता जाता स्पंजवर ओतायची. मी तिला सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघायचीही नाही. तिच्यामागून दुसरी बाई ओतायची, मग तिसरी.

एका शनिवारी आप्पा मागच्या आवारात आले. ऊन टळटळीत, भिंती तापलेल्या, आणि चौकट तिथंच टेकलेली.

"काय गं, अजून वाळंना व्हय?"

"अजून ओली हाय, आप्पा," मी खिडकीतून म्हटलं.

"एवढ्या उन्हात?"

"जाड हाय की ओ स्पंज," सुमन म्हणाली, हातात रिकामा तांब्या.

आप्पांनी चौकटीला हात लावला. तळहात बघितला, पँटला पुसला. तांब्याकडे बघितलं, मग रांगेनं बसलेल्या बायकांकडे. "ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले. "वाळली की लावा." आणि निघून गेले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. लग्न होऊन मी नोकरी सोडली तोवर आमची चौकट शनिवारभर ओलीच असायची. बाकीचे दिवस मी आतच होते, ते काही बदललं नाही.

मैत्रेयीनं शेवटी काचेचीच कॅबिनेट घेतली, पण पुढे जाळी आणि मागे गाळणी असलेली. माझं एवढं ऐकलं. रस्त्याच्या कामाची धूळ आमच्या मजल्यापर्यंत येते, म्हणून काल तिला गाळणी काढायला लावली आणि धुवायला शिकवली. गॅलरीत कठड्याला टेकवून ठेवली. तोवर कॉम्प्युटर बंद. ती चुळबुळत माझ्याशेजारी बसली, मोबाइल खोलीतच राहिला होता. मग समोरच्या झाडावरच्या पोपटांबद्दल काहीतरी बोलली. मग कॉलेजातल्या एका मैत्रिणीबद्दल. मग म्हणाली, "आई, मला हल्ली त्या खोलीत बसून बसून कसंतरी होतं गं." मी नुसतं "हं" म्हटलं आणि ती बोलत राहिली. उन्हं उतरायला लागली.

"वाळली का बघ ना," थोड्या वेळानं ती म्हणाली.

मी हात लांब करून गाळणी उचलली. खडखडीत वाळली होती.

"अजून ओली आहे," मी म्हटलं आणि परत ठेवून दिली.